यंदा पिटुनियाऐवजी: बियांपासून वाढवायची हंगामी फुलं

नोव्हेंबर सरत आला की पुण्यातल्या कुठल्याही नर्सरीत शिरा, दारातच पिटुनिया. काळ्या पिशव्यांच्या रांगाच रांगा. जांभळा, गुलाबी, पांढरा, मधेच पट्ट्यापट्ट्यांचा. आठवड्याभरात तीच रोपं सोसायटीच्या गॅलऱ्यांमधून लोंबायला लागतात. हॉटेलच्या दारात तीच, रस्त्याच्या दुभाजकात तीच, लग्नाच्या हॉलबाहेर तीच.

मीही सात वर्षं दर हिवाळ्यात पिटुनिया आणत होते. एका फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला आणि सकाळी बघते तर सगळी फुलं ओल्या कागदासारखी लगदा होऊन पानांना चिकटलेली. एकेक खुडत बसले, बोटं चिकट झाली, साबणानेही तो चिकटपणा लवकर जाईना. मार्चच्या मध्यावर उन्हाने उरलंसुरलं वाळवलं आणि आठ कुंड्या रिकाम्या केल्या. तेव्हा जाणवलं की या झाडाचं मी पाणी घालण्यापलीकडे काहीच केलं नव्हतं. ते घरात आलं तेच फुललेलं, आणि गेलं ते वाळून. त्याचं उगवणं मी पाहिलं नाही आणि पुढच्या वर्षासाठी हाती एक बीही राहिलं नाही. तिथून पिटुनिया माझ्या मनातून उतरला.

झाडाचा यात काही दोष नाही. पिटुनिया दक्षिण अमेरिकेचा, तंबाखू-वांगी-टोमॅटोच्या कुळातला. त्याच्या मूळ जातींपैकी पांढरी जात रात्री सुगंध सोडते आणि मोठे पतंग तिच्या मधासाठी येतात. पण कुंड्यांतून विकला जातो तो अनेक पिढ्यांचा संकर. मोठं फूल आणि नवा रंग मिळवण्याच्या नादात बऱ्याच वाणांचा सुगंध मागे पडला. दुहेरी पाकळ्यांच्या वाणांत तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग मधमाशीला तिथे काय मिळणार? आणि संकरित वाणाचं बी धरून लावलं तर आईसारखं फूल येईलच असं नाही. म्हणजे दरवर्षी पुन्हा नर्सरी, पुन्हा तीच पिशवी.

ज्यांनी आजवर बी कधी पेरलेलं नाही, ज्यांच्याकडे एखादी गॅलरी किंवा गच्चीचा कोपरा आहे आणि ज्यांना त्याच त्या फुलांचा कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हंगामी फूल म्हणजे एकाच हंगामात उगवून, फुलून, बी देऊन संपणारं झाड. बी ते बी हा सगळा प्रवास तीन-चार महिन्यांत डोळ्यांसमोर घडतो, हेच त्याचं खरं सुख.

आधी ऊन मोजा

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला गॅलरीत डोकावा आणि ऊन कुठे पडलंय ते कागदावर टिपून ठेवा. पाच-सहा तास थेट ऊन असेल तर जवळजवळ काहीही येईल. तीन-चार तासच असेल तर तेरडा आणि नॅस्टर्शियम निभावतात, झिनिया लांबुडका होऊन लोळतो (या फुलांची ओळख पुढे येतेच). दोन तासांहून कमी ऊन असेल तर हंगामी फुलांचा हट्ट सोडा, पानांची झाडं लावा. माझ्या ओळखीतले निम्मे लोक या एका गोष्टीपायी हरतात आणि मग 'माझा हात चांगला नाही' म्हणतात. हाताचा इथे काही संबंध नसतो.

उन्हाची दिशा ऋतूप्रमाणे सरकते हेही ध्यानात ठेवा. दक्षिणेकडच्या गॅलरीत डिसेंबरात आतपर्यंत ऊन येतं आणि मे महिन्यात कठड्याशीच थांबतं.

मग हंगाम ठरवा

आपल्याकडे पेरणीच्या तीन वेळा. पावसाळी फुलांचं बी मे अखेर ते जून, हिवाळी फुलांचं नवरात्राच्या आगेमागे म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, आणि उन्हाळी फुलांचं फेब्रुवारीत. हिवाळी बी पेरायला डिसेंबर उजाडला तर रोपं तयार होईपर्यंत थंडी निघून जाते. नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान या उशिरानेच होतं, कारण नर्सरीत फुललेली रोपं दिसल्यावर आपल्याला आठवण होते आणि तोवर पेरणीची वेळ टळलेली असते.

पुणे, नाशिक, सातारा या बाजूला हिवाळी फुलं उत्तम येतात. मुंबई, कोकण, गोवा इथे रात्री पुरेशा गार होत नाहीत. तिथे स्वीट पीसारख्या थंडीच्या फुलांमागे लागण्यापेक्षा झिनिया आणि गोम्फ्रेना हिवाळ्यात लावा, भरभरून फुलतील. विदर्भात थंडी छान पडते, पण उन्हाळा लवकर आणि कडक येतो, म्हणून तिथे हिवाळी पेरणी अजिबात रेंगाळू देऊ नका.

तीनच फुलं निवडा

पहिल्या वर्षी तीनच. बियांची रंगीत पाकिटं बघून दहा घ्यावीशी वाटतात, पण दहा प्रकारची रोपं सांभाळताना दहाही हातची जातात. माझ्या पसंतीची काही फुलं सांगते.

तेरडा. पावसाळ्यात सुरुवात करणार असाल तर दुसरा विचारच करू नका. हे आपल्या मातीतलंच झाड. गौरी आणताना अनेक घरांत तेरड्याची रोपं मुळांसकट आणतात आणि त्या मुळ्यांना गौरीची पावलं मानतात. त्याचे रानातले भाऊबंद सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, भाद्रपदात गुलाबी गालिचे घालतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण एका फुलापुरती खरी आहे. झाड मात्र दीड-दोन महिने खालून वर फुलत जातं. त्याचं खोड रसरशीत, उजेडात धरलं तर आरपार दिसेल असं. दुपारी माती सुकली की अख्खं झाड मान टाकतं, पाणी दिलं की तासाभरात पुन्हा ताठ. पाणी कधी घालायचं हे नवख्याला शिकवणारा इतका चांगला गुरू दुसरा नाही.

झिनिया. मेक्सिकोचा, पण आता आपल्या अंगणातलाच वाटतो. बी बाणाच्या टोकासारखं चपटं, हाताला सहज लागणारं, चार ते सात दिवसांत उगवणारं. पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल. एक फूल झाडावर दोन-तीन आठवडे टिकतं, आणि फुलपाखरांना ते किती आवडतं हे सकाळी दहाच्या सुमारास कुंडीजवळ उभं राहिलात की कळेल. पिटुनियाच्या जागी एकच फूल लावायचं असेल तर मी हे सांगेन. एकेरी किंवा अर्धदुहेरी फुलाचा वाण घ्या, त्यात मधला पिवळा भाग उघडा राहतो आणि माश्यांना खाणं मिळतं.

गोम्फ्रेना. बटनासारखं गोल, जांभळं किंवा पांढरं. हाताला कोरडं, कागदी लागतं, कारण आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर फुलांभोवतीची छोटी रंगीत पानं असतात. खरी फुलं त्यांच्या आत, इवलीशी. म्हणूनच वाळवून ठेवलं तरी रंग टिकतो. उन्हाळा सोसतं, पाणी चुकलं तरी रागावत नाही. उगवायला मात्र दहा-बारा दिवस घेतं, धीर धरा.

कोंबडा. मखमली तुरा. रानात उगवणारी कुर्डू, जिची पावसाळ्यात भाजी करतात, ती याचीच सख्खी. मोठ्या वळ्यावळ्यांचा कोंबडा सगळ्यांना ठाऊक असतो. मला पिसासारख्या उभ्या तुऱ्याचा जास्त आवडतो, कारण पावसाचं पाणी त्यात साठत नाही आणि फूल कुजत नाही.

नॅस्टर्शियम. हिवाळ्यातलं माझं सर्वांत लाडकं. गोल पान, देठ बरोबर मधोमध, आणि अळूच्या पानावर जसे पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात तसेच याच्यावरही. पान आणि फूल दोन्ही खाता येतात. चव मोहरी-मुळ्याच्या जातीची झणझणीत. कोशिंबिरीत चार पाकळ्या टाकून बघा. मात्र याला खत घालू नका. कसदार मातीत नुसती पानं माजतात आणि फुलं पानांखाली लपून राहतात. नुसत्या लाल मातीत थोडी वाळू घालून लावा.

स्वीट पी. सुगंध हवा असेल तर हेच. वाटाण्याच्या कुळातली वेल, गॅलरीच्या ग्रिलला सुतळी बांधली की धागे काढत चढते. बी कडक कवचाचं असतं, रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. फुलं तोडत राहा. शेंगा धरू दिल्या की वेल फुलं देणं थांबवते. एक गोष्ट जपा: याच्या शेंगा मटारासारख्या दिसतात पण त्यातलं बी विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर हात पोचणार नाही तिथे लावा किंवा लावूच नका.

अॅस्टर. फुलदाणीसाठी. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले गणेश' मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण दिले आहेत आणि शेतकरी ते लावतातच; कुंडीतही येतात. फूल यायला तीन महिन्यांहून जास्त लागतात आणि एकदा बहर ओसरला की झाड संपलं, म्हणून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पेरा. त्याच मातीत पुन्हा पुढच्या वर्षी लावू नका, मर रोग लागतो.

नारिंगी कॉसमॉसबद्दल मुद्दाम सांगते. वाढवायला याच्याइतकं सोपं फूल नाही, पण हे परदेशी झाड पुण्याच्या आसपास रस्त्याकडेला आणि टेकड्यांवर आपलं आपण पसरलंय आणि तिथल्या गवताची, रानफुलांची जागा खातंय. कुंडीत लावायचं तर लावा, पण बी पडण्याआधी फुलं खुडा, आणि 'टेकडी सुंदर करू' म्हणून त्याचं बी उधळायला कृपा करून जाऊ नका.

बी घेताना

पाकिटावर पॅकिंगची तारीख आणि मुदत बघा. उन्हात टांगलेल्या पाकिटांपेक्षा सावलीत ठेवलेली घ्या. घरी आणल्यावर शेतकरी करतात ती उगवण चाचणी करा: दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, फडकं सुकू देऊ नका. आठवडा-दहा दिवसांत सात उगवल्या तर बी चांगलं. चारच उगवल्या तर दुप्पट पेरा. एकही नाही उगवली तर पाकीट बदला, तुमचा हंगाम तरी वाचेल.

पिटुनियाचं बी विकत आणून पेरायचा विचार डोक्यात आला असेल तर सांगते, ते धुळीइतकं बारीक असतं. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया. शिंक आली तर गेलं. पहिल्यांदा पेरणाऱ्याने हाताला लागेल असंच बी घ्यावं.

पेरणी

झिनिया, नॅस्टर्शियम आणि स्वीट पी यांना जागा बदललेली आवडत नाही, ते थेट कुंडीतच पेरा. बाकीच्यांची रोपं आधी तयार करा. त्यासाठी महागडा ट्रे नको. चहाचे कागदी कप घ्या आणि बुडाला खिळ्याने तीन भोकं पाडा.

रोपांसाठी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्या, त्यातला खारटपणा रोपांना सोसत नाही. कप भरा, हलकं दाबा, पाणी घाला, निथळू द्या, आणि मग बी टाका. आधी बी आणि मग पाणी असं केलंत तर सगळं बी वाहून एका कडेला गोळा होतं. खोलीचा नियम साधा: बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट माती वर. कोंबड्याचं बी काळं, चकचकीत, खसखशीएवढं. त्यावर मातीची नुसती चिमूट भुरभुरायची.

दोन बिया प्रत्येक कपात. दोन्ही उगवल्या तर बारकं रोप कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

उगवल्यानंतरचे दहा दिवस नाजूक. रात्री ठणठणीत दिसलेलं रोप सकाळी बुडाशी दोरा बांधल्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं दिसेल. ही बुरशी, आणि ती जास्त पाण्याने येते. पहिल्या वर्षी माझी तेवीस रोपं दोन रात्रींत अशी गेली. तेव्हापासून मी कप पसरट ताटात ठेवते आणि पाणी ताटात घालते. माती खालून हवं तेवढं शोषते, वरचा थर कोरडा राहतो. अर्ध्या तासाने ताटातलं उरलेलं पाणी ओतून टाकते. त्यानंतर एखाददुसरंच रोप गेलं.

पहिली दोन पानं गुळगुळीत आणि सगळ्यांची साधारण सारखीच असतात, ती बीजपत्रं. त्यानंतर येतात ती खरी पानं. तेरड्याच्या खऱ्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, पहिल्यांदा दिसली की ओळख पटते.

कुंडीत हलवणं

चार खरी पानं आली की संध्याकाळी, ऊन उतरल्यावर रोप हलवा. धरताना पानाला धरा, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येईल, खोड चेपलं तर रोप गेलं. दहा इंची कुंडीत तीन तेरडे किंवा थेट पेरलेले दोन झिनिया, त्याहून जास्त नकोत. माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग. काळी माती एकटी वापरू नका. ओली असताना चिकटते, सुकली की भेगाळते, मुळांना श्वास मिळत नाही. दोन दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. नवख्यांचा हात इथे थरथरतो, माझाही थरथरला होता. पण झिनिया किंवा गोम्फ्रेनाचा शेंडा खुडला की बगलेतून दोन-चार फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी चार येतात. तेरड्याचा आणि कोंबड्याचा मात्र खुडू नका, त्यांचं मुख्य खोडच शोभेचं.

पाणी आणि रोग

पाणी बुडाशी घाला, पानांवर नाही. पानांभोवती दमटपणा राहिला की झिनियावर भुरी येते, पिठूळ पांढरे डाग. याची एक मला फार आवडणारी गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर झिनिया लावला होता, तिथेही दमटपणाने पानांवर बुरशी आली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी झाडाकडे बघून पाणी द्यायची मुभा मागून घेतली, आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे नारिंगी फूल उमललं. तुम्हीही बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज पाणी नको.

नॅस्टर्शियमवर मावा हमखास येतो, कोवळ्या शेंड्याला काळे-हिरवे दाणे चिकटल्यासारखा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, दोन-तीन दिवस सलग. फवारणी करायचीच तर निंबोळी अर्काची, संध्याकाळी, फुलं सोडून. मात्र माव्यात लाल ढालकिडे किंवा त्यांच्या करड्या, काटेरी अळ्या फिरताना दिसल्या तर काहीच करू नका, ते मावा खायलाच आलेले असतात. पावसाळ्यात कोवळी रोपं रात्रीत गायब झाली तर टॉर्च घेऊन गोगलगाई शोधा आणि उचलून दूर सोडा.

नॅस्टर्शियम सोडून बाकीच्यांना पंधरा दिवसांतून एकदा मूठभर गांडूळखत बुडाशी, बस. सुकलेली फुलं खुडत राहा. शेवटच्या महिन्यात खुडणं थांबवा, कारण आता बी हवंय.

बी धरणं

हे काम मला साऱ्या हंगामात सर्वांत प्रिय आहे. तेरड्याची शेंग लवदार, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. हिरवी असताना घट्ट असते. ती पिवळसर पडली आणि तिच्या अंगावरच्या उभ्या रेषा ठळक झाल्या की मुठीत अलगद झाकून घ्या आणि मग दाबा. तळहातात कुणीतरी उडी मारल्यासारखं होतं. मूठ उघडलीत की पाच पाकळ्या अळीसारख्या वळून बसलेल्या आणि मधे तपकिरी गोल बिया. माझी सहा वर्षांची भाची एका दुपारी झाडावरच्या सगळ्या पिकलेल्या शेंगा फोडून मोकळी झाली आणि 'मावशी, अजून लाव' म्हणाली. त्या वर्षी तेरडा शेजारच्या तुळशीच्या कुंडीतही उगवला.

झिनियाचं फूल झाडावरच पूर्ण तपकिरी होऊ द्या, मग मोडून पाकळी ओढा. तिच्या बुडाला बाणासारखं बी येईल. पोकळ लागलं तर टाका, टणक लागलं तर ठेवा. कोंबड्याचा तुरा कागदावर झटकला की काळं बी पावसासारखं पडतं. नॅस्टर्शियमच्या बिया वाटाण्याएवढ्या, झाडाखाली आपोआप गळतात, तिथूनच वेचा. अॅस्टर किंवा झिनियाचं पाकीट संकरित असेल तर पुढच्या पिढीत रंग बदलतील. मला त्यात मजा वाटते. गेल्या वर्षी लाल झिनियाच्या बियांतून एक फिकट गेरूच्या रंगाचा निघाला, तसा कुठल्या पाकिटावर मी पाहिलेला नाही.

बी आठवडाभर सावलीत कागदावर पसरून वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, ओल धरून बुरशी येते. कागदी लिफाफ्यात भरा आणि वर नाव, रंग, महिना आणि वर्ष पेनाने लिहा, कारण जूनपर्यंत सगळं बी सारखंच दिसायला लागतं. लिफाफे घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत पुरचुंडीत मूठभर भाजलेले कोरडे तांदूळ, आणि डबा स्वयंपाकघरापासून लांबच्या अंधाऱ्या कपाटात. लिफाफे भरतानाच एकेक जास्तीचा भरून ठेवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मागच्या मे महिन्यात माझ्याकडून तेरड्याचे दोन लिफाफे नेले, आणि यंदा त्यांच्या गौरीसाठी रोपं त्यांच्याच कुंडीतून निघाली.